जी टाकी मी बांधली नाही तिच्यासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, ज्योतीराम किसन सुरवसे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा गवंडीकाम (सध्या बंद), मूळचा औसा तालुक्यातला, गेली एकतीस वर्षे राहणार पिंपळदरेवाडी, चाकणजवळ, ता. खेड, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉ. अपेक्षा यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. फुफ्फुसे शाबूत नाहीत, त्यात सिमेंटचा मोठा वाटा आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाखाली मी याआधी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या आहेत, त्यामुळे फरक मला कळतो.

१. पिंपळदरेवाडीतील एक गुंठा जागा व त्यावरील दोन खोल्यांचे घर. यात माझी पत्नी सुमन हिने हयातभर राहावे. तिच्या पश्चात मुलगा सिद्धेश व मुलगी विजयश्री यांना निम्मे निम्मे. "विजूला कशाला? तिचं काळेवाडीत दुकान आहे की," असे सिद्धेश एकदा जेवताना म्हणाला होता. तेव्हा मी उत्तर दिले नाही. हे ते उत्तर.

ही जागा मी गावचे बबनराव यांच्याकडून स्टॅम्पपेपरवर घेतली. सातबाऱ्यावर माझे नाव आजही नाही. तेव्हा मी मुलांना देतो आहे तो माझा जो काही हक्क असेल तो. भिंती मात्र पूर्णपणे माझ्या आहेत. त्या मी बांधल्या.

२. बँकेतली शिल्लक सुमनला. तिने ती मुलांना विचारून खर्च करू नये.

३. थापी, गुण्या, ओळंबा आणि लेव्हलची नळी ही माझी हत्यारे विजयश्रीची मुलगी दिव्या हिला. ती पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकते. "आबा, आता लेझर असतो," असे ती म्हणते. असू दे. घमेली शेजारच्या मालोजीकडे आहेत. तो ती परत देणार नाही, म्हणून ती त्यालाच दिली असे समजावे.

४. श्रमसाफल्य मजूर सहकारी संस्थेचे अध्यक्षपद. हे मी कोणालाही देत नाही. ते मला कसे मिळाले हे मुलांना नीट माहीत नाही, म्हणून लिहितो.

मजुरांच्या संस्थेला सरकारी कामे मिळतात, असा नियम आहे. नियम चांगला आहे. आमच्या गावात मजूर भरपूर होते, फक्त संस्था नव्हती. ती बबनरावांनी काढली. एका सकाळी ते स्वतः आमच्या दारात आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "ज्योतीराम, तू गवंडी हायेस. अध्यक्ष तूच व्हायला पायजे. आमी कोण? आमी शेतकरी."

मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही, अण्णा."

"कळायचं काय त्यात? सही येती ना?"

सही येत होती. सुमनने चहा केला. माझ्या दारात गावचा मोठा माणूस बसला होता आणि मला अध्यक्ष म्हणत होता. मला आनंद झाला होता, हे इथे कबूल करतो.

पुढे गावाला पाण्याची उंच टाकी मंजूर झाली आणि ते काम आमच्या संस्थेला मिळाले. बबनरावांचा पुतण्या कुलदीप मोटारसायकलवर कागद घेऊन यायचा. तो बोट ठेवायचा, मी तिथे सही करायचो. कामावर कधी यायचे, असे मी दोनदा विचारले. "तात्या, अध्यक्षानं थापी धरायची नसती," तो हसून म्हणाला. टाकी बाहेरगावच्या टोळीने बांधली. मी त्या वेळी माण गावात एका सोसायटीच्या कंपाउंडवर रोजाने जात होतो. येता-जाता टाकी वर चढताना दिसायची. तिसऱ्या टप्प्यात सळई उघडी दिसली तेव्हा मी कुलदीपला सांगितले. तो म्हणाला, "गिलाव्यात झाकल."

गिलाव्यात झाकले. उद्घाटन झाले. मला शाल आणि नारळ मिळाला. टाकीवर पाटी लागली: ठेकेदार, ज्योतीराम सुरवसे. पाटी सुमनने वाचली आणि म्हणाली, "तुमी टाकी कवा बांधली ओ?"

दुसऱ्याच आठवड्यात टाकी एक तृतीयांश भरली आणि खालून गळू लागली. त्यापुढे ती भरलीच नाही. दोन वर्षे गाव टँकरवर होते. टँकर कुलदीपचा होता. त्यात गैर काही नाही, कोणाचा तरी असणारच. बाया रांगेत सुमनला ऐकू जाईल असे बोलायच्या, "हिच्याच मालकानं बांधलीया." ती रांगेत शेवटी उभी राहायला लागली. घरी आल्यावर मला काही म्हणायची नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

मग चौकशी झाली आणि संस्थेला काळ्या यादीत टाकले. नोटीस माझ्या नावाने आली. बबनराव म्हणाले, "मनाला लावून घिऊ नको. कागदाचं असतंय त्ये."

५. दुरुस्तीविषयी. टाकीच्या दुरुस्तीचे काम नव्या संस्थेला मिळाले. तिचा अध्यक्ष कोण होता मला माहीत नाही, बहुधा त्यालाही नसावे. यावेळी काम खरोखर होणे गरजेचे होते, कारण निवडणूक जवळ आली होती. कुलदीप माझ्याकडे आला. "तात्या, गावात तुमच्यासारखा गवंडी न्हाई."

म्हणजे कागदावर जी टाकी मी बांधली होती, तीच दुरुस्त करायला मी रोजंदारीवर गेलो. बावीस दिवस मी टाकीच्या आत होतो. आत बोललेला प्रत्येक शब्द फिरून अंगावर येतो, म्हणून आम्ही दोघे-तिघे गप्पच काम करायचो. पोकळ काँक्रीट छिन्नीने सगळे उकरून काढले, सळई घासली, थरावर थर दिले, प्रत्येक थराला पाणी मारले. कुलदीप खालून ओरडायचा, "आटपा की तात्या!" मी आटपले नाही. माझ्या हातून झालेले हे सर्वांत चांगले काम आहे आणि त्यावर माझे नाव कुठेही नाही.

नळाला पाणी आले त्या दिवशी सुमनने सगळी भांडी भरली. मग टँकरच्या पाण्याचे पिंप आडवे करून अंगणात ओतून दिले. त्यानंतर तिने मला विचारले, "जेवायला काय करू?" असे तिने बऱ्याच महिन्यांत विचारले नव्हते.

६. मागच्या जानेवारीतील ग्रामसभेविषयी. चार वर्षे टाकी थेंबभरही गळली नाही. गाव मात्र वाढले, कंपन्यांतली पोरे खोल्या घेऊन राहू लागली, आणि नवी, मोठी योजना आली. दोन टाक्या असत्या तर गावाचे भलेच झाले असते. पण कुलदीपला नवी टाकी त्याच जागेवर हवी होती, म्हणजे पाडण्याचेही काम निघते. त्यासाठी जुनी टाकी धोकादायक ठरायला हवी होती, आणि तसे म्हणायला मूळ ठेकेदार हवा होता. तो मी.

कुलदीप पेढे घेऊन आला. "तात्या, काम निकृष्ट झालं होतं एवढंच लिहून द्या. तुमी तसेही काळ्या यादीत. अजून काय काळं व्हायचंय? घराची नोंद मी लावून देतो."

एकतीस वर्षे मी ज्या नोंदीची वाट पाहिली ती पेढ्यांच्या बॉक्सशेजारी ठेवलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सुमनला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नोंद नसलेल्या घरात एवढी वर्षं ऱ्हायलाव की. बिनपाण्याचं मात्र आता मला जमनार न्हाई."

ग्रामसभेत पाणीपुरवठा खात्याचे साहेब आले होते. मी उठून म्हणालो, "साहेब, ही टाकी मी बांधली नाही. मी फक्त सह्या केल्या. दुरुस्त मात्र मी केली. काठोकाठ भरा, व्हॉल्व्ह बंद करा, खूण करा आणि उद्या या. पाणी बोटभर उतरलं तर मीच पाडतो."

बबनराव बसल्या जागेवरून म्हणाले, "ज्योतीराम, काय बोलतोयस त्ये कळतंय का तुला?"

मी म्हणालो, "होय अण्णा. आता कळायला लागलंय."

साहेबांनी टाकी भरून पाहिली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवर होते. पाडण्याचा ठराव बारगळला. नवी टाकी आता गायरानाच्या बाजूला होते आहे. ती कोण बांधतो आहे हे मी विचारलेले नाही. मात्र संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा सळई बघून येतो.

घराची नोंद झालेली नाही.

७. अंत्यविधी साधा करावा. चौकात माझा फ्लेक्स लावू नये. लावलाच, तर शोकाकुल म्हणून कुलदीपचा फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठा नसावा. बबनराव खांदा द्यायला आले तर त्यांना नाही म्हणू नये. त्यांचे गुडघे दुखतात, चार पावलांनी बदलावे.

८. फौजदारी खटल्याविषयी. ग्रामसभेतला माझा जबाब लिहून घेतला होता. त्यावरूनच खोट्या कागदांवर सह्या केल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला. एकट्यावर. बबनराव आणि कुलदीप यांची सही शोधूनही एकाही कागदावर सापडली नाही. गुन्हा खरा आहे, सह्या माझ्याच आहेत.

हा खटला कोणाच्या वाटणीला द्यावा, असे मी वकील दीपमालाताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, तो वारसांकडे जात नाही. तुम्ही गेलात की तोही संपतो." सिद्धेशला हे ऐकून बरे वाटले. पुढची तारीख घ्या, त्याच्या पुढची घ्या, तब्येतीचा दाखला लावा, असे तो रोज सांगतो. मुलगा काळजीपोटीच बोलतो. पण मला हा खटला माझ्याबरोबर असा संपायला नको आहे. उभ्या गावासमोर, कोणी बोट न ठेवता, मी स्वतःहून बोललेली ही एकच गोष्ट सरकारी कागदावर आहे.

तारीख नऊ डिसेंबरची आहे. मी जाणार आहे.

वरील मजकूर मी वाचला, सुमनला वाचून दाखवला आणि खालील दोघांच्या समक्ष त्यावर सही केली.

लिहून ठेवणार: ज्योतीराम किसन सुरवसे (सही)

साक्षीदार:
१. मालोजी बाबू कड, शेजारी (सही). घमेल्यांबाबतचा मजकूर मान्य नाही.
२. ॲड. दीपमाला रणपिसे, चाकण (सही)

ठिकाण: पिंपळदरेवाडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५