मालनचा अंगठा

मिरजगाव

चि. मालन हिस, दादाचे आशीर्वाद.

तू कविता म्हणत पाटीवर पेन्सिल ओढायचीस, ती करकर आज सकाळपासून कानात आहे. लिहायला तुला मीच शिकवलं. आणि वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करताना लेखनिक म्हणाला, "बाईमाणसाचा अंगठाच घ्या," तेव्हा गप्पही मीच बसलो. तू शाई पदराला पुसून हसलीस.

गेल्या महिन्यात वकिली शिकणाऱ्या नातीशी, स्नेहलशी, वाद झाला. मी म्हणालो, "हे हक्कबिक्क बाहेरून आलेलं. आमच्यात बहिणी जमीन सोडतात, म्हणून माहेर टिकतं."

"मग आजोबा, माहेर टिकावं म्हणून तुम्ही काय सोडलंत?"

दिवाळीच्या साड्यांशिवाय काही आठवेना. म्हणून चिंचेखालची दीड एकर तुझ्या नावावर करतोय. बक्षीसपत्र स्नेहलनं तयार केलंय. तू हसून नको म्हणशील, एवढीच धास्ती आहे.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. उघडतो तर पिशवी घेऊन तूच! स्नेहलनं फोन केला म्हणे.

"दादा, बक्षीस कशाचं? माझा वाटाच हाय त्यो. घेनार मी. आन् दिवाळीची साडी बी सोडनार न्हाई." कागद तू डोळ्यांजवळ धरून सगळा वाचलास. मी सवयीनं शाईचा डबा शोधू लागलो, तर म्हणालीस, "अंगठा न्हाई हां. पेन दे."

म्हणून हे पत्र माझ्या पेनानं नव्हे, स्नेहलच्या पेनानं पुरं करतोय. माझं तुझ्याकडेच राहिलंय, राहू दे.

तुझा,
ज्ञानेश्वरदादा