पहिल्या टोपलीतली तांबोशी

५ नोव्हेंबर, मंगळवार. रत्नागिरी

किनाऱ्यावरच्या जेवणाचा सहावा लेख गुरुवारी पाचपर्यंत द्यायचा आणि कालपर्यंत हातात काही नव्हतं. आज मिळालं. शहराबाहेर, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तुर्की हॉटेल. पाच टेबलं. मालक आणि आचारी एकच, प्रमोद. चाळिशीचा, खालच्या कोळीवाड्यातला. कुवेतला अकरा वर्षं एका तुर्काच्या हाताखाली होता. त्याला अजून ‘उस्ता’ म्हणतो, आणि म्हणताना गवयासारखा कानाच्या पाळीला हात लावतो.

मसुरीचं सूप, वर तिखट लोणी. होडीच्या आकाराची गरम रोटी. मटण यंत्रातून काढत नाही. चिंचेच्या ओंडक्यावर हातभर लांबीच्या बाकदार पात्याने तोडतो, दोन्ही हातांनी, डोलत. पातं उस्ताने दिलेलं. “मशीन मटणाला रडवतं, असं उस्ता बोलायचा.”

मग अख्खी तांबोशी निखाऱ्यावर. वर तिकडची आंबट लाल पूड हवी, ती इथे मिळत नाही. हा वाळलेली आमसुलं कुटून घालतो. काटेसुद्धा चोखले.

“इतकी ताजी कशी?”

“लिलावाच्या आधीची, ताई. मेव्हणा तांडेल हाय, सुभाष. होडी लागली की पहिल्या टोपलीतली मागच्या अंगाने काढून देतो.”

बायको, नयना, चहा ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाली, “तुमचं तोंड हाय की बंदर? येईल ते लागतंय.”

हसले. वहीत उतरवून घेतलं.

७ नोव्हें., गुरु.

लेख ४.४०ला गेला. शेवट: ‘वाळूला लागण्याआधी पहिल्या टोपलीतली तांबोशी प्रमोदच्या निखाऱ्यावर पोचलेली असते.’ डेस्कवरच्या मृणालचा फोन, “शेवट मस्त.” मलाही तसंच वाटलं होतं.

१० नोव्हें., रवि.

छापून आला. दिवस मालगुंडला, पुढच्या लेखासाठी. प्र.चे तीन फोन, एस्टीत ऐकू येईना. मग एकदा लागला. “उद्या दुपारी या ताई. जरा बोलायचाय.” आभार मानायचे असतील.

११ नोव्हें., सोम.

क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

साडेबाराला पोचले. दुसरं गिऱ्हाईक नाही. प्र. मटण तोडत होता. “एवढं झालं की बोलतो, ताई.” सहा जण आले. एकाच्या हातात आमचं रविवारचं पान, चौघडी केलेलं. बाकीच्यांच्या हातात काही नव्हतं, म्हणून मी घाबरले नाही.

पानवाल्याने माझं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. नीट, थांबत. मग म्हणाला, “देवीच्या टोपलीत हात घालतोस, मेल्या?”

पहिला फटका शेगडीवरच्याच सळईने, कानावर. प्र. खाली बसला. शेगडी उलटवली, निखारे फरशीवर, एक माझ्या चपलेपाशी. नयना मधे पडली, तिला केसांना धरून भिंतीकडे भिरकावलं. चहाचे कमरेत बारीक तुर्की ग्लास एकेक करून फोडले, घाई न करता.

मग दोघांनी प्र.चा उजवा हात ओंडक्यावर धरला. एकाने पातं उचललं. पानवाला म्हणाला, “धार नको. पाठ.”

तीनदा. तिसऱ्यांदा आवाज वेगळा आला.

जाताना पान माझ्या टेबलावर ठेवलं. “तुम्ही जेवा, बाई.”

मी ओरडले का? आठवत नाही. खुर्चीतून उठले नव्हते, एवढं नक्की.

१२ नोव्हें., मंगळ. हॉस्पिटल

तीन बोटं. तर्जनीचं हाड चुरा झालंय. डॉक्टर म्हणाले हात राहील, मूठ वळेल का ते आज सांगता येत नाही. प्र. छताकडे बघत होता. “डाव्या हाताने कांदा तरी चिरता येईल.”

नयनाच्या कपाळाला सात टाके. तिने व्हरांड्यात समजावलं, शांतपणे, जणू मी शिकायला आलेय. या बंदरावर प्रत्येक होडीची पहिली टोपली देवीच्या नावाने पुकारतात. त्या पैशांतून, समुद्रात ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी वर्षभराचे तांदूळ जातात. ती टोपली लिलावाआधी कुणी उघडत नाही. सुभाष उघडत होता. वर्षभर.

“तुमाला ठाऊक नव्हतं, ताई. पण ह्यांना व्हतं. सुभाषलाबी.”

पानवाला म्हणजे यशवंत, लिलाव पुकारणारा. बाप तो सहा वर्षांचा असताना बुडाला. त्या तांदळावर वाढलाय. रविवारी लिलावाच्या आधी त्याने माझा लेख वाळूवर उभं राहून अख्खा वाचून दाखवला. सुपाचं, रोटीचं, सगळं. प्र.चे तीन फोन त्यानंतरचे.

फौजदारांना जबाब हवाय. साक्षीदार मी एकटीच बाहेरची. “धारेने की पाठीने?” असं दोनदा विचारलं. उद्या सांगते म्हटलं. अशी उत्तरं मी कधी देत नाही.

१३ नोव्हें., बुध.

संध्याकाळी बंदरावर गेले, यशवंतशी बोलायला. वाटलं होतं, बोलण्याने काही… जाऊ दे.

लिलाव चालू. तो टोपल्यांमध्ये उभा, आवाज खणखणीत. मला बघून म्हणाला, “आज काय लिहिताय?” मी म्हटलं, “तुमची बाजू.” “बाजू? ओंडक्यावर तुमचा हात नव्हता ना, मग बाजू सुचते.”

तेवढ्यात मागून सुभाष. हातात वल्हं. पहिला वार गुडघ्यामागे, यशवंत टोपल्यांवर पडला. दुसरा तोंडावर. दात वाळूत पडलेले दिसले, सांडलेल्या बांगडा माशांमधे. तिसरा वार लोकांनी अडवला, मग सुभाषला खाली घेतलं. लाथा, दगड, बायकासुद्धा. एकीच्या हातात मासे कापायची विळी होती. शेजारणीने तिचं मनगट धरलं म्हणून. सुभाष कसाबसा सुटला, रक्ताने डोळे मिटलेले, सुरूच्या बनात पळाला. मग सगळे त्याच्या होडीकडे वळले. कुऱ्हाडीने वरची एक फळी तोडली. दुसऱ्या फळीला एका म्हाताऱ्याने हात आडवा केला, “होडीनं काय केलान?”

सोमवारी बैठक. सुभाषची होडी या बंदरावर पुन्हा लागू द्यायची की नाही ते ठरेल. नाही म्हटलं की नाहीच. दोन घरं त्या होडीवर: सुभाषचं, आणि आता प्र.चंही.

१४ नोव्हें., गुरु.

सकाळी जबाब दिला. पाठीने. तीनदा. कोण काय म्हणालं तेही. सही करताना अक्षर नेहमीसारखंच आलं.

वॉर्डात यशवंत. प्र.च्या खाटेनंतर एक सोडून. जबडा तारेने बांधलेला. मधल्या खाटेवरचा पेशंट एकदा इकडे, एकदा तिकडे बघतो. यशवंतच्या आईने मला ओळखलं. शिव्या देईल वाटलं. “तुमीच ना? बरं केलंव लिवलंत. नायतर आमाला कधी कळलंच नसतं.” यशवंतने डोळे मिटून घेतले.

तीन वाजता नयना लॉजवर. डबा आणला होता. प्र.ने घरचा सुरा मागवून, खाटेवर बसून, डाव्या हाताने मटण तोडलं म्हणे; नर्स ओरडली तरी. घरी तिने भाजलं. जाडंभरडं, एका तुकड्यात हाडाची कच. चव तीच. तिच्यासमोर खाल्लं सगळं.

मग ती म्हणाली, “एवढंच छापा, ताई. तुमचा समज चुकला, मासा लिलावातलाच व्हता. यशवंतनं कागद वाचून दाखवला, तसा हाबी वाचतील. बैठकीत कागदाला कोण नाय म्हणत नाय.”

“नयना, पण ते खोटं आहे.”

“तुमचं खरं एकदा छापून झालं ना?” टाके ओढले गेले, तिने कपाळ धरलं. “आता आमच्यासाठी एकदा खोटं.”

बत्तीस वर्षांत दिलगिरी चार वेळा छापली. चारही वेळा चूक खरी होती.

डबा धुऊन दिला. ती गेली.

४.१०. बसले. दोन मजकूर लिहिले, दोन्ही तेवढेच लांब. एकात माझा समज चुकलेला आहे आणि होडी समुद्रात जाते. दुसऱ्यात टोपली आहे, तांदूळ आहेत, यशवंतची आई आहे, ओंडका आहे, पात्याची पाठ आहे. आणि होडी कुठे जाते ते मला माहीत नाही. दोन्ही वाचले. पहिला जास्त चांगला उतरलाय. खोटं लिहायला इतकं सोपं असतं हे या वयात कळावं.

४.५२. मृणाल. “कॉलम?”

“पाच मिनिटं.”

“शीर्षक तरी द्या, पान लावतेय.”

“पहिली टोपली.”

दोन्ही मजकुरांवर तेच आहे. दातात हाडाची कच अडकलीय, जिभेने निघत नाही.

४.५६.