गल्लीतून गेलेली रेघ

ता. ४ मार्च
चि. पेन्सिलीस,
अ. आ.

तुझ्या कचेरीने प्रभागांचा कच्चा नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लावला आणि गावाला फुकटची करमणूक मिळाली. न्हावी म्हणतो, रेघ त्याच्या दुकानातून जाते, म्हणजे अर्धी दाढी एका प्रभागात, अर्धी दुसऱ्यात. निवृत्त मास्तरांना हद्द पट्टीने आखल्यासारखी सरळ हवी. बेकरीवाल्याला कशाचंच काही नाही, खड्डे बुजवा म्हणतो.

मला मात्र आहे. रेघ आमच्या गल्लीच्या मधोमध आणलीस. माझं घर कालव्याकडच्या प्रभागात, आणि मला दर वेळी निवडून देणारी समोरची सगळी बिऱ्हाडं पलीकडे. जिथे राहतो तिथूनच उभं राहायचं हा नियम, म्हणजे माझं नगरपालिकेतलं सभासदपद गेल्यातच जमा. हे गेल्यापासून त्या कामानेच मला सावरलंय, तुला ठाऊक आहे. तेव्हा रेघ एक गल्ली सरकव. लहानपणी माझ्या भिंतीवर एवढ्या रेघोट्या मारल्यास, आता एक माझ्यासाठी मार.

तुझ्यावर लोभ असलेली, सध्या रागावलेली,
आत्या

ता. ११ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग तशीच साहेबांकडे गेले. त्यांना सांगितलं की तिथल्या सभासदबाई माझी सख्खी आत्या. त्यांनी तुमचा भाग माझ्याकडून काढून घेतला. पण तो माझ्याकडे असता तरी मी रेघ सरकवली नसती. कॅरममध्ये हळूच सोंगटी ढकलली म्हणून मला चापट कुणी मारली होती?

कालव्याकाठच्या वस्तीचे आजवर तीन तुकडे होते, आणि तिन्ही प्रभागांत ती शेपटाला. ती एकत्र आणायची तर रेघ तुमच्याच गल्लीत येते. हरकत असेल तर जाहीर सुनावणीला ये आणि चारचौघांसारखी बोल. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, अबोला तेवढा धरू नकोस.

तुझीच,
पेन्सिल

ता. २ एप्रिल
चि. पेन्सिलीस,
अ. आ.

सुनावणीला मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होतीस, दिसलं मला. माझ्या बाजूने बोलायला मी टेम्पोभर माणसं आणली होती. आधी वस्तीतली नर्स उठली. म्हणाली, नळ फुटला की प्रत्येक सभासद दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मग आमच्या समोरच्या शिंपीणबाई उठल्या. मी पढवलेलं सगळं विसरल्या आणि म्हणाल्या की वस्ती एकत्रच हवी. आमच्या बाईंचं काय, त्या कुठेही असल्या तरी हाक मारली की येतात. यावर टेम्पोभर टाळ्या! टेम्पो माझा, डिझेल माझं!

मग माझी पाळी आली. नव्या नकाशात रेघ आहे तिथेच राहू द्या, एवढं म्हणून खाली बसले. घरी येऊन रडले, हे फक्त तुला सांगतेय. निवडणूक मात्र लढवणार. नर्सही उभी आहे.

तुला न विसरणारी,
आत्या

ता. १९ जून
चि. पेन्सिलीस,
अ. आ.

हरले. नर्स दणकून निवडून आली. तिला हार घालून आले, आणि तोंड वाकडं केलं नाही.

आज उशिरापर्यंत लोळायचं ठरवलं होतं. तर सकाळीच दार वाजलं. शिंपीणबाई. खांबावरचा दिवा लागत नाही म्हणे. त्यांना सांगितलं, मी आता सभासद नाही, आणि असते तरी तुमची नसते. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण दिव्याचं काय?

अजून दारातच उभ्या आहेत. चपला घालते. लोभ आहेच, वाढू दे.

आत्या