पोरगा नाय आवडत काय, असं तू विचारलंस तेव्हा

आई, अकरावीला मी बोईसरच्या कॉलेजात जाऊ लागले आणि चिंचणीच्या शाळेतल्या मैत्रिणी मागे पडल्या. नव्या गटात जो तो कुणाच्या ना कुणाच्या प्रेमात होता. आपणच कशा मागे, म्हणून मीही वर्गातल्या एका मुलाला हो म्हटलं. तो भला होता. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली त्याने माझा हात धरला आणि मी वाट पाहत राहिले, आता काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही. पण कुंभवलीहून येणारी माझी मैत्रीण एखाद्या दिवशी आली नाही, तर मला डबा जात नसे. तिचे वडील कारखान्यात होते, घरी हिंदी बोलत. तिला मी एकदा आपल्या घरी आणलं, आठवतं? तू मागच्या अंगणात बोंबील वाळत घालते आहेस, आम्ही पायरीवर बसलोय, तिचा हात माझ्या हातात. तू पाहतेस आणि पुन्हा कामाला लागतेस. ती मासे खात नाही हे तुला ठाऊक नव्हतं. जाताना तू तिला सुके बोंबील बांधून दिलेस आणि तिने ते बसमध्ये मांडीवर धरून नेले.

संध्याकाळी चुलीपाशी मासे साफ करताना तू मान वर न करता विचारलंस, "तुला पोरगा नाय आवडत काय?"

"माहीत नाय."

"ती आवडते?"

"हो."

"तिलापन तू?"

"विचारलं नाय अजून."

तू मासे धुऊन परातीत काढलेस. मग म्हणालीस, "मग इचार. पन रस्त्यात, एस्टीत हात धरून नको फिरू. लोकांची तोंडं मला बंद करता नाय येत." पुढे काकीने माझ्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा "पोरीला इचारल्याशिवाय मी कोनाला हो नाय बोलनार," एवढंच म्हणून तू तिला चहा दिलास.

मी तिला विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "पता नहीं यार. पर तू मत जाना." ते वर्ष आम्ही एकमेकींना चिकटून काढलं. बारावीत तिला एक मुलगा आवडू लागला. तिने ते सर्वांत आधी मला सांगितलं, रडत रडत. तिला तिचं उत्तर मिळालं होतं, आणि त्या दिवशी मला तुझ्या प्रश्नाचं: पोरगा नाय आवडत. घरी आल्यावर तू माझा चेहरा पाहिलास. ताट वाढलंस आणि माझं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिलीस. ती आता सुरतला असते, मुलंबाळं आहेत, फोन करते.

माझं कॉलेज संपायच्या आत तू गेलीस. आता मी पालघरला राहते, एका बाईसोबत, सुखात. ती तुझ्याबद्दल विचारते, तेव्हा मी चुलीपाशी झालेलं ते बोलणं शब्दन् शब्द सांगते आणि म्हणते, माझ्या आईला सगळं समजलं होतं. पण त्या संध्याकाळी बोलून झाल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसलेस, तेवढं मी दर वेळी गाळते. म्हणून हा कागद मी तिलाही दाखवणार नाही.