दुपारी दुकानात कोण खेळते

मी, गुणवंत धनाजीराव शिर्के, वय अठ्ठावन्न, राहणार पाणीगेट, बडोदे, इस्पितळाच्या खाटेवर बसून हे स्वहस्ते लिहीत आहे. उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत. डोके शाबूत आहे, कोणाची जबरदस्ती नाही. कान तर नको इतके चांगले आहेत. ते तसे नसते तर हा कागद लागला नसता.

काल दारापलीकडे माझा मुलगा दिग्विजय एका साडीवाल्या शेठना सांगत होता, "फिकर ना करो शेठ, बुधवारे चावी तमारा हाथमां." चावी माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानाची. ऑपरेशन सोमवारी. मधला मंगळवार त्याने बापासाठी ठेवला असावा.

१. राहते घर पत्नी विमला हिला, तिच्यामागे दिग्विजयला.

२. नंदेसरीच्या कारखान्यात अकरा वर्षे ॲसिडचा वास खाऊन मी हे दुकान उभे केले. एक टीव्ही, एक मशीन आणि उड्या मारत पुढे जायचा एकच गेम. पुढे मारामारीचे आणले, गाड्यांचे आणले; लोक फिरून त्या जुन्याकडेच. कारण त्यात खड्डा रोज त्याच जागी असतो. पडलात तर चूक तुमची, आणि पुन्हा उडी मारायला कोणाची परवानगी लागत नाही.

३. हे दुकान सर्व मशीनसकट सून कोमल हिला. दुपारी शटर अर्धे ओढून मी वर माळ्यावर पडतो, की खाली तो गेम सुरू होतो. खड्ड्याआधी बांगड्या क्षणभर गप्प, मग उडी. सातव्या टप्प्यावर पडल्याची धून वाजते, आणि घरात चार माणसांत जिचा शब्द ऐकू येत नाही ती कोमल खणखणीत ओरडते, "धत् तेरी! पाछी पडले, पुन्हा तिथेच!" खाली येऊन विचारले तर म्हणते, "मी तर झाडत होते, पप्पा." झाडता झाडता या बाईने बिघडलेले प्रत्येक मशीन दुरुस्त करायला शिकून घेतले. सोल्डरिंग गनही तिचीच.

४. दिग्विजय, तू तिला हक्कसोड पत्रावर सही करायला लावशील. पद्धत मला ठाऊक आहे. आमचे वडील गेले तेव्हा बहीण मंदाकडून मीच घेतली होती. तिने कागद वाचलाही नाही. "कुठे करू, दादा?" एवढेच विचारले. ते मला अजून ऐकू येते. म्हणून माझ्यामागे दहा वर्षांत कोमलने दुकान सोडल्याचा वा विकल्याचा कागद निघाला, तर कलम एकमधला तुझा हक्क संपला. घर विमलामागे मंदाला.

५. मी वाचलो तरी हेच कायम. कोणी तोंडदेखले रडले म्हणून बदलणार नाही.

हा कागद शेजारच्या खाटेवरचे संपतराव आजच्या बसने डभोईला नेतील. त्यांना आज सुटी मिळाली आहे.

साक्षीदार:
१. संपतराव घोरपडे, डभोई
२. निरुपमा जाधव, नर्स. (सही करताना म्हणाल्या, "काका, मुलाशी एकदा बोला तरी." बोललो, वर लिहिले आहे.)

सही: गुणवंत धनाजीराव शिर्के
बडोदे, रविवार, ६ डिसेंबर १९९८

संपतराव, शाई वाळायची वाट पाहू नका. जिन्यावर दिग्विजय आहे, आणि सोबत शेठही.