४१७ क्रमांकाचा वाचक

६ जानेवारी, सोमवार

आज एकशे बारा पानं! साखर कारखान्याच्या विकीवर, म्हणजे संगणकावरच्या माहितीकोशात, प्रत्येक यंत्राचं एक पान आहे — चालू कसं करायचं, बंद कसं, बिघडलं तर काय. कुणी कधी लिहिलं, पत्ता नाही. मी टॅग लावते : मिल, पंप, बॉयलर. शोधलं की सापडलं पाहिजे. सत्तावीस वर्षं नगरच्या दैनिकात बातम्या लावल्या, आता पानं लावायची. मुदत मार्चअखेर.

दिवसभरात माझ्याशी बोलला तो एक शिपाई. "म्याडम, दार लावून घेऊ का?"

८ जानेवारी

रसाच्या दोन पंपांची दोन पानं — ओळीला ओळ तीच. एकच बातमी दोनदा आली की डेस्कवर आम्ही एक कापायचो. इथेही कापली. 'रसाचे पंप', एकच पान, स्वच्छ. मध्येच "घाई करायची न्हाई, आधी च्या घेऊन या" असलं काहीबाही होतं, तेही काढलं.

११ जानेवारी, शनिवार

भिंगारला गेले नाही. घरी तरी कोण आहे! मुलगा, राहील, उद्या बंगळुरूहून फोन करेल. चार मिनिटं — औषधं, हवामान, "अम्मी, ठेवतो." क्वार्टरच्या खिडक्या पुसल्या.

१४ जानेवारी

कोण काय शोधतं, त्याची नोंद विकी ठेवते. आज उघडली. आठवड्यात पासष्ट शोध! हरखले. मग शेजारचा रकाना पाहिला. पासष्टही एकाच लॉगिनवरून — ४१७. एवढ्या कारखान्यात माझा वाचक एकच.

१५ जानेवारी

४१७ म्हणजे सहादेव गीते, फिटर. जूनमध्ये निवृत्त. जामखेडकडे गावी असतात म्हणे. लॉगिन बंद करायचं राहून गेलं. बरीचशी पानं त्यांनीच लिहिलेली. आपलंच लिहिलेलं वाचत बसत असतील. मला कळतं ते. मीही जुनी कात्रणं काढते.

२० जानेवारी

ऑफिसचे कुटेसाहेब : "फरीदा मॅडम, निवृत्त झालेल्यांची लॉगिनं एकतीसला बंद करायची. यादी द्या."

चौदा नावं लिहिली. पंधरावं लिहिलं नाही. ४१७ हल्ली रोज एकच शोधतात — 'दोन नंबर पंप'. आज सहा वेळा. निकाल शून्य.

२३ जानेवारी

राहवलं नाही. फोन केला. लॉगिन जाणार म्हणून चार बरे शब्द ठरवून ठेवले होते. बोलूच दिलं नाही त्यांनी.

"विकीवाल्या म्याडम तुमीच का? दोन नंबरचं पान कुटं घातलं?"

एकत्र केलं म्हटलं. दोन्ही सारखीच होती.

"सारकी? अवो, एक वळ येगळी हाय! दोन नंबर बंद करताना आदी व्हॉल्व्ह मिटवायचा, मग मोटर. न्हाईतर रस मागं फिरतो, पंप उलटा पळतो. कुनाचा तरी हात जाईल!"

मला वाटलं, तुम्ही आपलंच लिहिलेलं वाचत बसता, म्हटलं.

"नि मला काय करायचंय त्या पानांचं? पंपावरनं श्रीमंत फोन करतो, मिलवरनं बाकीचे. 'मामा, बगून सांगा.' मशीन सोडून त्यांनी शोदत बसायचं व्हय? मी बगतो, सांगतो. दोन नंबरचं याद हाय तवर सांगतुया. पन वय झालं, म्याडम. इसरलो तर?"

आणि मी कीव कुणाची करत होते!

तासाभरात जुनं पान परत आणलं, चहासकट. टॅग लावला : दोन नंबर.

३० जानेवारी

कुटेसाहेबांना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. पंधरावं नाव पुढे ठेवलं — एवढं एक राहू द्या.

"बाहेरच्या माणसाला लॉगिन नाही म्हणजे नाही. कामगारांना शोधायला शिकवा."

सहादेवरावांना कळवलं. "बरं झालं. दुपारची झोप तरी व्हईल," म्हणून हसले. फोन मात्र लगेच ठेवला.

३१ जानेवारी

४१७ बंद. दुपारी पंपावर जाऊन आले, शोध कसा घ्यायचा ते दाखवायला. हात रसाने चिकट, कान यंत्राकडे. कुणी मोबाईल काढला नाही. आजच्या नोंदीत शोध — शून्य.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातलाच अनोळखी नंबर. मागे मिलची घरघर.

"श्रीमंत बोलतोय, पंपावरनं. मामानं तुमचा नंबर समद्यांना दिलाय. म्याडम, जरा बगून सांगता का?"