निळ्या झग्याचं माप

७ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात नवा नियम. दर सोमवारी बायकांबरोबर आता पुरुषांनीही आओ याय घालायचा. साहेब म्हणाले, आपल्या ह्वे शहराची शान आहे. असेल. बायकांच्या अंगावर आहेच. पण धडधाकट पुरुषाने विजारीवर गुडघ्याखालपर्यंत झगा घालून पाणीपट्टीच्या तक्रारी ऐकायच्या, यात शान कुठली? मी माणूस आहे, खिडकीचा पडदा नाही.

घातला नाही. इस्त्रीला दिलाय म्हणून सांगितलं. मुळात माझ्याकडे नाहीच.

बिलिंगची सुओंग हसली. तशा सगळ्याच हसल्या. पण ती माझ्याकडे बघून हसली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

निषेध नोंदवून घातला. कै. मामांचा काळा. आईने पेटीतून काढून दिला, डांबरगोळ्यांच्या वासासकट. मामा बुटके होते. बाह्या कोपराच्या जरा पुढे संपतात.

पुलावर झग्याचा मागचा पदर स्कूटरच्या चाकात गेला. गाडी बंद. मी गाडीला बांधलेला. शाळेच्या पोरी पांढऱ्या आओ यायमध्ये सायकलवरून जात होत्या, सगळ्यांचे पदर हँडलवर नीट धरलेले. एक ओरडली, "काका, पदर सांभाळा!" पुढची पिढी वाया गेली आहे.

मागून सुओंग आली. चाक उलटं फिरवून मला सोडवलं. म्हणाली, "आन्ह खांग, पदर आधी मांडीखाली घ्यायचा, मग गाडी सुरू करायची. इतकं साधं कुणी शिकवलं नाही तुम्हाला?" मग दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली आणि म्हणाली, "पण खांदे काय आहेत हो तुमचे! हा कपडा असल्या खांद्यांसाठीच असतो."

विजारीवर झगा हा प्रकार वाटतो तितका वाईट नाही.

१५ ऑक्टोबर

आरशासमोर बराच वेळ. खांदे खरंच चांगले आहेत. मधला भाग सुधारता येईल.

आठवलं की आमचं घराणं राजघराण्याच्या एका फांदीचं. फांदी लांबची, पण फांदीच. खापरपणजोबा राजवाड्यात रोज हाच वेश घालून जात. म्हणजे माझ्या रक्तातच आहे. कालपर्यंत लक्षात आलं नव्हतं एवढंच.

तिने मला आन्ह म्हटलं. आन्ह म्हणजे दादा हे खरं, ती पहारेकऱ्यालाही आन्हच म्हणते. पण आमच्याकडे बायको नवऱ्यालाही आन्हच म्हणते. कुठला आन्ह कुठला, हे आवाजावरून कळतं.

संकल्प: सकाळचं बुन बो बंद. नूडल्सनीच घात केला आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत सुओंगने मला बायकांच्या टेबलाशी उभं केलं. पुढून बघितलं, पाठमोरं केलं. मधेमधे हातातल्या फोनकडे बघत होती. माझा फोटो काढत असावी. म्हणाली, "अगदी आन्ह तोआनसारखी अंगकाठी. उंचीसुद्धा."

हा तोआन जपानला आहे, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर. ती त्याच्याबद्दल सारखी बोलते. चुलतभाऊ असणार. मुलगी आपल्या लाडक्या भावासारखा म्हणाली म्हणजे केवढं झालं. परक्या माणसाला कोणी म्हणेल?

पुढे: "शनिवारी मोकळे आहात? शिंप्याकडे यायचं होतं. कापड मी घेऊन ठेवलंय."

कापड तिने घेऊन ठेवलंय!

बुन बो आज खाल्लं. आनंदाच्या दिवशी संकल्प लागू नसतो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कापड निळं. गडद, वर त्याच रंगाची गोल नक्षी. हात लावला तर थंड लागलं. मला आजवर इतकं चांगलं कापड कुणी घेतलेलं नाही. मीही नाही.

शिंपी म्हातारा, तोंडात टाचण्या. मापं घ्यायला लागला तेव्हा ती समोर स्टुलावर बसली होती. मी पोट आत ओढलं. छाती पुढे. टाचा किंचित उचलल्या. शिंपी म्हणाला, "श्वास सोडा." मी म्हणालो, मी नेहमी असाच असतो. बोलताना थोडी हवा गेली, ती लगेच परत घेतली. त्याने मान, खांदे, छाती, कंबर, मनगट सगळं मोजलं. आमचा कपडा अंगाला चिकटून बसावा लागतो, म्हणून मापं संपता संपत नाहीत. शेवटी शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सोडलं मात्र नाही.

बाही दोन बोटं लांब ठेवा, असं तिने सांगितलं. माझे हात एवढे लांब नाहीत. पण रुबाब असतो लांब बाहीला, तिला कळतं.

शिंप्याने विचारलं, "कधीसाठी?" ती म्हणाली, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. तो म्हणाला, "नवरा मुलगा उठून दिसेल हो." ती लाजली. खाली बघून हसली. नाही म्हणाली नाही!

बाहेर आमच्याकडची मीठ घातलेली कॉफी प्यालो. मी तिला काही विचारलं नाही. अशा वेळी पुरुषाने घाई करू नये. ती मात्र तोआनला विमानाचं तिकीट कधीचं मिळालं ते सांगत बसली. भाऊ येईपर्यंत थांबायचं असेल. रीतच आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगितलं. फार काही नाही. एवढंच, की होईल काहीतरी.

आईने तेवढ्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्यात उदबत्त्या लावल्या, फळं मांडली, आणि बाबांना मोठ्याने कळवलं की पोराला सुबुद्धी झाली. मी म्हटलं हळू बोल, शेजारी ऐकतात. "ऐकू देत. एवढी वर्षं त्यांचंच ऐकत आलेय."

मोतीबिंदूचा विषय काढला. डॉक्टर म्हणतायत आता उशीर नको. तिचं नेहमीचं उत्तर: "रिकामं घर बघायला नवे डोळे कशाला? सून आण, मग करू." या वेळी तेवढं रिकामं राहणार नाही.

९ नोव्हेंबर

प्रगती. बुन बोमधला फक्त रस्सा पितो. नूडल्स रश्शाबरोबर येतात तेवढ्याच.

बोलायचं वाक्य तयार केलं. "सुओंग, हा कपडा तू शिवून घेतलास, आता तो कुणासाठी घालायचा तेही तूच सांग." आंघोळीच्या वेळी छान येतं. मामांच्या झग्यात म्हणून बघितलं, पोटाजवळचा हुक तुटला.

१९ नोव्हेंबर

शिंप्याकडे सहज डोकावलो. निळा झगा तयार होऊन गेला. "बाईंनी नेला," म्हणाला. घालून बघायला मला का नाही बोलावलं विचारलं, तर त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुम्हाला?" म्हणाला. मग म्हणाला, "तिने सांगितलं नाही का?" मी म्हटलं, सांगितलं सांगितलं. म्हातारी माणसं कोड्यात बोलतात.

तिला मला एकदम चकित करायचं असणार. मीही झग्यावरची काळी पगडी घेऊन ठेवली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज तीच आली माझ्या टेबलाशी. "आन्ह खांग, आठ तारखेला आमच्या घरी साखरपुडा आहे. नवऱ्याकडून तबकं घेऊन येणाऱ्यांत एक अविवाहित माणूस कमी पडतोय. त्यांचे सगळे मित्र एक तर परदेशात, नाहीतर बायकापोरांत. तुम्ही उभे राहाल?"

तिच्या धाकट्या बहिणीचा असणार. बहीण लग्नाची झालीच आहे. म्हणजे घरच्यांना आधी मला बघून घ्यायचंय, आणि तेसुद्धा नवऱ्याकडच्या बाजूला उभं करून. याहून स्पष्ट काय सांगायचं मुलीने?

निळ्याचं विचारलं. ती इतकी गोड हसली. "त्याच दिवशी बघा ना."

अकाउंट्सची बा लान ऐकत होती. म्हणाली, "तबक उचलणाऱ्यांचं लग्न लांबतं म्हणतात हो. तुमचं आणखी कुठवर लांबवायचं?" मी तिला हसून दाखवलं. हिला जानेवारीत पत्रिका देताना मजा येईल.

८ डिसेंबर, रविवार. सकाळ

नवी पगडी. केस कापले. पोटाला आतून आईचा जुना पट्टा. कपडे तिकडेच मिळणार आहेत. आईने माझा चेहरा हातांनी चाचपला आणि कॉलर नसलेल्या शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाली, "मुलीला सांग, मला दिसत नसलं तरी स्वयंपाक येतो." सांगतो म्हटलं.

वाक्य पाठ आहे.

८ डिसेंबर, दुपार

तबकवाल्यांचे कपडे भाड्याचे. लाल. सगळे एका मापाचे. माझा मागून उघडा राहिला, सेफ्टी पिना लावल्या. बाकीची पोरं विशीची. मला "काका" म्हणत होती. एकाने विचारलं, "काका, तुम्ही पण अविवाहितच ना? नाहीतर अपशकुन होतो." मी म्हटलं, सध्या.

गल्लीच्या तोंडाशी रांगेत उभे. माझ्याकडे विड्याच्या पानांचं आणि सुपारीच्या घडाचं तबक. सगळ्यात पुढे. मानाचं असतं ते.

गाडी आली. दार उघडलं.

निळा झगा खाली उतरला.

त्यात माणूस होता.

कुठे एक सुरकुती नव्हती. खांद्यावर बरोबर बसलेला. बाही बरोबर मनगटापर्यंत. छातीवरून सरळ खाली, कमरेशी आत, खाली पांढरी विजार, पदर वाऱ्यावर. तो हसत होता, बोलत होता, कुणाला तरी हाक मारत होता. आणि तरी पोट तसंच आत. त्याने ओढलेलं नव्हतं. त्याचं तसंच होतं.

मग रांगेपाशी आला. "आन्ह खांग तुम्हीच ना? मी तोआन. परवा रात्री उतरलो जपानहून. मापाला वेळच नव्हता. सुओंग म्हणाली, ऑफिसातले एक दादा आहेत, अगदी तुझ्यासारखे." माझे हात तबकात अडकलेले, म्हणून त्याने माझा दंड दाबला. माणूस चांगला आहे. वाईट असता तर बरं झालं असतं.

आत गेलो. समोर मुलींची रांग, तबकं घ्यायला. माझ्यासमोर सुओंगची धाकटी बहीण. तिने तबक घेतलं आणि रीतीप्रमाणे लाल पाकीट हातात ठेवलं. तबक उचलणाऱ्याच्या लग्नाचं नशीब त्यात बांधून परत करतात. उघडलं नाही.

सुओंग जिन्यावरून उतरली. लाल आओ याय, सोनेरी पगडी. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त पट्टा फार आवळत होता.

फोटोच्या गडबडीत ती माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. "आन्ह खांग, किती छान बसलाय हो त्यांना! तुमच्याशिवाय झालंच नसतं." मी म्हटलं, अगं त्यात काय. वाक्य आठवत होतं. सगळं आठवत होतं.

दोन महिने ती माझ्याबरोबर हसली ते सगळं त्याच्यासाठी होतं. तिने लपवलं काहीच नव्हतं. मला रोज सांगत होती.

विजारीवर झगा शोभतो. फार शोभतो. हे मान्य करायला हवं.

९ डिसेंबर, सोमवार

आज सोमवार. मामांचा काळा. पदर मांडीखाली घेतला, मग गाडी सुरू केली. काही अडकलं नाही.

सुओंग रजेवर. बा लानने माझ्या टेबलावर साखरपुड्यातला हिरवा केक ठेवला. तिला टोमणा मारता आला असता. मारला नाही. तेच जास्त लागलं.

ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आलेत. एकात देव्हाऱ्यापुढे दोघं हात जोडून उभी, पाठमोरी. निळा आणि लाल.

संध्याकाळी आईने विचारलं, कालचं काही दाखव ना. मी फोन दिला. तिने तो डोळ्याला जवळजवळ चिकटवला. बराच वेळ.

"हा निळ्यातला तू ना? पाठीवरून ओळखलं. किती रुबाबदार दिसतोस रे! आणि पोट कुठे गेलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. ती हसत होती. बाबा गेल्यापासून अशी हसलेली बघितली नव्हती.

म्हटलं, हो, मीच.

"आणि ही शेजारी, लालमधली?"

सुओंग, म्हटलं. ते तरी खरं होतं.

"देव्हाऱ्यापुढे तुझ्या शेजारी उभी राहिली म्हणजे मनात आहे हो तिच्या. बायकांचं बायकांना कळतं." मग त्या लाल ठिपक्यावरून हळूच बोट फिरवलं. "धुरकट दिसतेय. चेहरा नीट बघायचाय मला हिचा. डॉक्टरांना फोन कर. डोळे करून टाकू."

फोन केला. गुरुवारची वेळ मिळाली आहे.